मदत हवी आहे: रिचर्ड राजा नक्की कसा होता? (तातडीचं)

मुक्काम_पोस्ट:
मंडळी, घाईत आहे, थेट मुद्द्यावर येते. रिचर्डवर बोलायचं आहे आणि जमवलेल्या साहित्यात एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एका ठिकाणी तो असा वीर की शत्रूसुद्धा तोंडभरून कौतुक करतात. दुसऱ्या ठिकाणी बांधलेल्या कैद्यांची कत्तल करतो. आणि तिसऱ्या ठिकाणी चक्क माणसाचं मांस खातो, वर हसतो! यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, एवढंच सांगा. विकिपीडिया वाचा असं कृपया कोणी सांगू नये, वाचून झालाय. शनिवारच्या आत हवं आहे.

पावशेर:
कोणता रिचर्ड? इंग्लंडच्या गादीवर त्या नावाचे तिघे बसले. तिसऱ्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरात गाड्या लावायच्या जागेखाली सापडला. पाठीचा कणा खरंच वाकडा निघाला. त्यावर माझ्याकडे भरपूर माहिती आहे, हवी असेल तर सांगा.

मुक्काम_पोस्ट:
पहिला हो. सिंहहृदयी, क्रुसेडवाला, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुसलमानांत झालेल्या धर्मयुद्धातला. कैदी, कत्तल म्हटल्यावर आणखी कोण असणार?

नस्ती_उठाठेव:
ताई, मांस खाण्याचं वाचलंत कुठे? ग्रंथाचं नाव, काळ, भाषा, काहीतरी द्या. ‘एका ठिकाणी’, ‘तिसऱ्या ठिकाणी’ यावरून काय बोलणार आम्ही? आणि बोलायचं म्हणजे कुठे? तोंडी परीक्षेत की सोसायटीच्या कार्यक्रमात?

गलबत:
रिचर्डच्या मोहिमेतलं अक्को शहर आजही आहे, इस्राएलच्या उत्तर किनाऱ्यावर. हॉस्पिटलर सरदारांची (लढणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा पंथ) दालनं मातीखाली गाडली गेली होती, ती उकरून काढली आहेत. टेम्प्लरांचा, म्हणजे तसल्याच दुसऱ्या पंथाचा, भुयारी रस्ताही बघता येतो. अर्धा दिवस ठेवा आणि चप्पल घालून जाऊ नका. फोटो हवे असतील तर व्यक्तिगत निरोप करा.

मुक्काम_पोस्ट:
गलबत, मला जायचं नाहीये, बोलायचं आहे! पॉडकास्ट आहे, पंधरा मिनिटांचा, मराठीत. शनिवारी रेकॉर्डिंग. मांसाची गोष्ट एका लांबलचक जुन्या इंग्रजी कवितेत आहे. मैत्रिणीने पीडीएफ पाठवली, तिला मुखपृष्ठच नाही. त्यात रिचर्डची आई चर्चचं छप्पर फोडून उडून जाते. कैद्यांचं मला आंब्रवाझ या रिचर्डच्या बाजूच्या कवीकडे मिळालं, कौतुक शत्रूकडच्या बहाउद्दीनकडे. पुरे का एवढं?

जुनी_पेटी:
छप्पर फोडून उडणारी आई हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतंत तर वीस मिनिटांत धागा आटोपला असता.

तो इतिहास नाही, वीरकाव्य आहे. रिचर्ड गेला ११९९ मध्ये. हे काव्य आकाराला आलं त्यानंतर शंभरेक वर्षांनी. त्यातली आई अँटिओकच्या राजाची मुलगी आहे. पाद्री प्रसादाची भाकरी उंचावतो ते तिला बघवत नाही, बळजबरीने थांबवली तर छतातून निघून जाते. खरी आई अक्वितेनची एलिनॉर, बाई ऐंशीच्या आसपास जगली आणि कैदेत पडलेल्या मुलाच्या खंडणीसाठी जमिनीवरूनच धावपळ करत होती.

आता मांसाचं. गंमत अशी की त्याच्या तळाशी एक खरी गोष्ट असावी. रिचर्ड पॅलेस्टाइनमध्ये खरोखरच आजारी पडला होता. बहाउद्दीन हा सलाहुद्दीनच्या, म्हणजे रिचर्डशी लढणाऱ्या मुसलमान सुलतानाच्या, लष्कराचा काझी, छावणीतलाच माणूस. तो लिहितो की आजारी राजाला फळं आणि बर्फ हवा होता आणि सुलतानाने दोन्ही पाठवलं. काव्यात याचं काय झालं बघा. आजारी राजाला डुकराचं मांस खायची इच्छा होते. मुसलमानी मुलखात डुक्कर मिळेना. मग एक म्हातारा सरदार सुचवतो, एखादा तरणाबांड सॅरासन (म्हणजे मुसलमान) मारा, केशर घालून शिजवा, राजाला कळू देऊ नका. राजा खातो, बरा होतो आणि मग म्हणतो, त्या डुकराचं डोकं आणा. आचारी थरथरत मुंडकं आणतो. राजा घाबरेल असं वाटतं, तर तो खदखदून हसतो: आता उपासमारीची भीती नाही! पुढे सलाहुद्दीनच्या वकिलांना जेवायला बोलावून प्रत्येकाच्या ताटात उकडलेलं मुंडकं ठेवतो आणि कपाळावर नावाची चिठ्ठी.

यात राजाची बदनामी करायची नाहीये, हे लक्षात घ्या. लिहिणारा खूश आहे. हा त्याच्या लेखी आपल्या बाजूचा राजा आहे.

नस्ती_उठाठेव:
सहमत. आणि कैद्यांची कत्तल खोट्याच्या रकान्यात टाकू नका. तुमच्या तिन्ही गोष्टींत पुराव्याने सगळ्यात पक्की तीच आहे. २० ऑगस्ट ११९१, अक्को पडल्यावर. शरण आलेल्यांना सोडायच्या बदल्यात दोन लाख दिनार, खरा क्रूस (येशूला ज्यावर चढवलं तोच, असं मानलं जाणारं लाकूड) आणि ख्रिस्ती कैदी परत, असं ठरलं होतं. हप्ता रखडला, तारखा पुढे गेल्या आणि रिचर्डने सुमारे २,७०० माणसं शहराबाहेर नेऊन मारली. आकडे थोडे पुढेमागे आहेत. बहाउद्दीन तीन हजार म्हणतो, खुद्द रिचर्ड क्लेरव्होच्या मठाधिपतीला लिहिलेल्या पत्रात २,६०० म्हणतो. राजा स्वतः पत्रात लिहून कळवतोय, लपवत नाहीये.

आंब्रवाझ तर त्याच्याच मोहिमेतला कवी. आपल्या लोकांना बसलेल्या बाणांचा बदला निघाला, देवाचे आभार, असं तो म्हणतो. उलट बहाउद्दीन शत्रूच्या बाजूचा असून कारणं शांतपणे मांडतो: कोणी म्हणतात सूड होता, कोणी म्हणतात अस्कलानकडे निघायचं होतं आणि एवढे लोक पाठीमागे ठेवायचे नव्हते.

मन्सुरा१२५०:
ताई, एक सुचवतो. रिचर्डला सोडा, फ्रान्सचा राजा नववा लुई घ्या. रिचर्डवर सगळेच बोलतात. लुईचं चरित्र त्याच्यासोबत सातव्या क्रुसेडला गेलेल्या ज्वांव्हील नावाच्या सरदाराने म्हातारपणी सांगितलं, १३०९ मध्ये पुरं झालं. तोवर लुईला संतपद मिळून बारा वर्षं झाली होती. म्हणजे संताचं चरित्र लिहायचं आणि संताला इजिप्तमध्ये अशी हगवण लागलेली की विजारीचा मागचा भाग कापून टाकावा लागला, हेही लिहायचं. लिहिलंय त्याने! मन्सुराच्या लढाईत बाण पडतायत, माणसं मरतायत, आणि स्वासोंचा काउंट ज्वांव्हीलला म्हणतो, या दिवसाच्या गोष्टी आपण अजून बायकांच्या दालनात बसून सांगू. सरदार लोक लढता लढताच गोष्ट तयार करत होते, याहून चांगला पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

मुक्काम_पोस्ट:
काका, छान आहे, पण विषय जाहीर झालाय. रिचर्डच.

मन्सुरा१२५०:
जाहीर केलेला विषय बदलता येतो. असो.

पावशेर:
आपल्याकडच्या बखरी तरी काय वेगळ्या आहेत? सभासद जिंजीला बसून राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहितो. बखरीतले आकडे आणि फारसी कागदांतले आकडे जुळवून बघा एकदा. आणि पोवाडे घेतले तर...

बोरूबहाद्दर:
सभासदाला त्या सोम्यागोम्याच्या रांगेत बसवू नका. तो समकालीन होता.

पावशेर:
आंब्रवाझही समकालीनच होता की!

संपादक मंडळ:
बखरींवर तीन धागे आधीच उघडे आहेत. तिकडे जा. इथले पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत.

बोरूबहाद्दर:
ठीक. मूळ विषयावर. वर सगळे बहाउद्दीनला निःपक्षपाती न्यायाधीश करून मोकळे झालेत. तो सलाहुद्दीनच्या पगारावर होता. ११८८ पासून त्याच्या पदरी. इमादुद्दीन तर सुलतानाचा चिटणीस. या दोघांच्या लेखणीतून जो दयाळू, फळं पाठवणारा सुलतान दिसतो, तोच पुढे युरोपने उचलला. इटालियन कवी दांतेने त्याला आपल्या काव्यात नरकाच्या पहिल्या वर्तुळात, सज्जन बिगरख्रिस्तींत, एकटा बाजूला उभा केला आहे. पण ख्रिस्ती सैन्य हरलं त्या हत्तीनच्या लढाईनंतर, जुलै ११८७ मध्ये, याच सलाहुद्दीनने टेम्प्लर आणि हॉस्पिटलर कैद्यांची मुंडकी उडवून घेतली, आणि इमादुद्दीन ते मोठ्या थाटात वर्णन करतो. मोसुलच्या घराण्याच्या बाजूचा इब्न अल-अथीर वाचा. तो सलाहुद्दीनला टोमणे मारतो, कारण त्याच्या धन्याची जागा सलाहुद्दीनने घेतली होती. तेव्हा ‘शत्रूसुद्धा कौतुक करतो’ यावर फार उड्या मारू नका.

नस्ती_उठाठेव:
पगारावर होता म्हणून खोटं लिहितो असं नसतं. जाफाचा प्रसंग घ्या, ऑगस्ट ११९२. रिचर्ड भाला घेऊन मुसलमान सैन्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घोडा दौडवत गेला आणि एकही माणूस पुढे आला नाही. हे बहाउद्दीनने लिहून ठेवलंय. स्वतःच्या सैन्याची नाचक्की कोण पगार घेऊन लिहितो?

बोरूबहाद्दर:
जो सुलतानाला वाचवतो तो. सैन्य लढायला तयार नव्हतं, सुलतान बिचारा काय करणार! आणि समोरचा जेवढा राक्षस, तेवढं त्याच्यापुढे टिकलेल्याचं नाव मोठं.

नस्ती_उठाठेव:
म्हणजे कौतुक केलं तरी डाव, नाही केलं तरी डाव. मग कशाला वाचायचं काही?

मुक्काम_पोस्ट:
तुम्ही दोघं भांडा, पण माझा प्रश्न तसाच आहे. श्रोत्यांना मी सांगू काय? तो चांगला होता की वाईट?

जुनी_पेटी:
ताई, गाठ तिथेच आहे. तुम्हाला वाटतंय की शूर राजा, कैदी मारणारा आणि मांस खाणारा अशी तीन माणसं आहेत, त्यातला एक निवडायचाय. आंब्रवाझच्या श्रोत्यांना तसं वाटलं नसतं. त्यांना राजा असा हवा होता की ज्याच्या नावाने समोरचा टरकतो. कत्तल त्याच्या गुणांच्या यादीत होती, डागांच्या नव्हे. ‘सिंहाचं काळीज’ हे आंब्रवाझ शंभर टक्के स्तुती म्हणून वापरतो. शंभर वर्षांनी ते वीरकाव्य त्याच शब्दाची गोष्ट करतं: रिचर्ड कैदेत असताना त्याच्यावर सिंह सोडतात, तो सिंहाच्या घशात हात घालून काळीज उपटतो आणि त्याला कैदेत ठेवणाऱ्या राजाच्या टेबलावर जाऊन मीठ लावून खातो. एकदा काळीज खाल्लं की पुढे मुंडकं फार लांब नाही.

मधल्या काळात काय घडलं तेही सांगा. ११९१ मध्ये माणसं ऐकत होती ती परत आलेल्यांकडून. १३०० येईतो अक्को हातचं गेलं होतं, १२९१ मध्येच. जेरुसलेम तर रिचर्डलाही मिळालं नव्हतं. जमीन गेली, मग गोष्टीतला राजा आणखी भयंकर झाला. हा माझा तर्क आहे, पण पंधरा मिनिटांना पुरेल.

मुक्काम_पोस्ट:
हे कामाचं आहे! म्हणजे बर्फ आणि फळं, मग डुक्कर, मग मुंडकं, या क्रमाने घेते. कत्तल मध्ये, रिचर्डच्या पत्रासकट. त्याच मोहिमेवर आलेल्या फ्रान्सच्या राजा फिलिपला बसवू का? तो पळपुटा होता असं आंब्रवाझमध्ये दिसतंय.

नस्ती_उठाठेव:
बसवा, पण अर्ध्या मिनिटात, आणि आंब्रवाझच्या तोंडाने नको. फिलिप अक्को पडल्यावर ११९१ च्या उन्हाळ्यातच घरी निघाला, हे खरं. इंग्लंडकडचे लेखक त्याला भेकड म्हणतात. फिलिपच्या बाजूचा सँ-दनीचा साधू रिगोर सांगतो की राजा आजारी होता आणि रिचर्डवर भरवसा नव्हता. आजार खोटा नव्हता, दोघेही राजे आजारी होते. एकाच्या आजारातून केशर घातलेला मटणाचा रस्सा निघाला आणि दुसऱ्याच्या आजारातून पळपुटेपणा. कोणाकडे कोणता कवी होता त्यावर आहे सगळं.

गलबत:
टायरलाही जाऊन या, लेबनॉनमध्ये आहे. जेरुसलेमच्या राजपदासाठी निवडलेल्या कॉनराडचा खून तिथेच झाला, एप्रिल ११९२.

जुनी_पेटी:
गलबत, या वेळी कामाचं बोललात. कॉनराडचा खून हशाशीनांनी, म्हणजे मारेकरी पाठवणाऱ्या एका मुसलमान पंथाने, केला आणि फ्रेंचांनी बोट दाखवलं रिचर्डकडे. मग इंग्लंडच्या इतिहासकारांकडे एक पत्र अवतरलं, खुद्द हशाशीनांच्या म्होरक्याचं, पर्वतावरच्या म्हाताऱ्याचं: खून आम्ही केला, रिचर्डचा संबंध नाही. ते पत्र बनावट आहे. मुक्काम_पोस्ट, पंधरा मिनिटांत एकच जास्तीचा प्रसंग बसणार असेल तर फिलिपऐवजी हे पत्र घ्या.

मुक्काम_पोस्ट:
घेते. फिलिप बाद.

बोरूबहाद्दर:
निर्दोष माणसासाठी कोणी बनावट पत्र करत नाही. खून रिचर्डनेच करवला हे माझं ठाम मत आहे. वेगळा धागा काढतो.

नस्ती_उठाठेव:
पुरावा?

बोरूबहाद्दर:
धाग्यात.