'माझ्या अपरोक्ष' की 'अप्रत्यक्षपणे'?

शेजारच्या काकांचा तहसीलला द्यायचा अर्ज लिहीत होतो. काका सांगत होते, "माझ्या अपरोक्ष सातबाऱ्यावर फेर ओढला," म्हणजे जमिनीच्या नोंदीत बदल केला. माझं पेन थांबलं. परोक्ष म्हणजे नजरेआड, तर अपरोक्ष म्हणजे डोळ्यांदेखत. फेर ओढताना काका शेजारीच उभे होते, असं त्यांच्याच अर्जातून निघायचं! पुतण्या म्हणाला, "अप्रत्यक्षपणे लिवा की." तेही जमेना. शेवटी 'माझ्या माघारी' लिहिलं. बरोबर आहे का?

— अर्थ बरोबर धरलात. संस्कृत व्याकरणात बोलणाऱ्यानं स्वतः न पाहिलेल्या घटनेसाठी 'परोक्ष' भूतकाळ वापरतात, त्याला लिट् म्हणतात. वेदान्तातलं 'अपरोक्ष ज्ञान' म्हणजे थेट अनुभव. मराठीत मात्र 'अपरोक्ष' उलट्या अर्थानं इतकं रुळलंय, की बोलताना मी कुणाला टोकत नाही. कागदावर टाळतो.

'अप्रत्यक्ष' तिथं नकोच. त्यात मध्ये कुणीतरी असावं लागतं. जीएसटी (१ जुलै २०१७ पासूनचा) सरकारकडं दुकानदार भरतो, पैसे जातात आपल्या खिशातून. राष्ट्रपतींना आपण नाही, आपले खासदार-आमदार निवडतात. सगळं उघड असतं, फक्त एक पायरी मध्ये. हिंदीत याच जागी 'परोक्ष'ही चालतो, म्हणून घोटाळा वाढतो.

— आणि 'आडून बोलणं' कुठं बसवायचं? आमच्या उदगीरकडची गोष्ट. आजी भांड्यांशी बोलायची, "या पातेल्याला काई वळणच नाई बगा." पातेलं घासलेलं आईनं, आणि आई तिथंच चुलीपाशी. लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार. म्हणजे इथं ऐकणारं माणूस समोरच हवं. ते माघारी असेल तर टोमणा वायाच गेला की! हे परोक्ष तर मुळीच नाही.

— माळेगावच्या जत्रेतला बैलांचा सौदा आठवा. हातात हात, वरून रुमाल, भाव बोटांवर. दोघांपुरता अपरोक्ष, भोवतीच्यांना परोक्ष. खऱ्या अर्थानं म्हणतोय, हं.

— सगळ्यांचे आभार. काकांना 'माघारी' फार घरगुती वाटलं, म्हणून 'माझ्या गैरहजेरीत' केलं. काल टाइप होऊन आलेला अर्ज पाहिला. टायपिंगवाल्यानं त्याचं परत 'अपरोक्ष' करून टाकलंय, आमच्या माघारी.