कासचं धुकं करडं का येतं?

कासला धुक्यात काढलेले फोटो ऑटोवर मळकट येतात, म्हणून मॅन्युअल (सगळी सेटिंग हातानं करणं) शिकू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर शिका, पण आधी हे बघा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. दवानं भिजलेली गेंदाची पांढरी फुलं आणि वर धुकं, म्हणजे हे पांढरं करडं करायला तो उजेड कापणारच! अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा) +१ कॉम्पेन्सेशन द्या, म्हणजे मीटरच्या हिशोबापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड, फक्त हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) उजव्या कडेला चिकटू देऊ नका. सज्जनगडाच्या काळ्या बुरुजाला उलट, -१ लागतं. मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानं आपोआप बदलणं) आधी बंद करा. नाहीतर शटर कितीही फिरवा, फोटो तेवढाच उजळ; माझी एक अख्खी सकाळ यातच गेली होती. ढग सरकत असले की उजेड सारखा बदलतो, म्हणून तेव्हा मी अजूनही मॅन्युअलऐवजी ऑटोवरच राहतो.