मदत हवी आहे: २०१८ चा रायझन ५ २६००, प्रोसेसर आत्ता बदलू की अजून थांबू?

उकाडा_जळगाव:

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

पीसी २०१८ च्या दिवाळीत स्वतः जोडला. रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅमच्या स्टिक (खोक्यावर वेग ३००० लिहिलेला), ५५० वॅटचा पॉवर सप्लाय. तेव्हा जीटीएक्स १०६० होतं, दोन वर्षांपूर्वी ते विकून आरटीएक्स ३०६० १२ जीबी घेतलं. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. विंडोज ११ आहे. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच आठवड्यात नव्याने टाकलं.

त्रास असा. बाल्डर्स गेट ३ चे पहिले दोन अंक मजेत खेळलो. तिसऱ्या अंकात शहरात शिरलो आणि डांबरी रस्ता संपून खडी लागावी तसं झालं. ७०-८० एफपीएस (सेकंदाला इतकी चित्रं) मिळायचे ते थेट ३४-३५. बाजारात वळलं की चित्र क्षणभर थिजतं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये आकडा १३० दिसतो, पण धूर आणि गोळीबार एकत्र आला की झटके. रेड डेड रिडेम्प्शन २ मात्र ७० च्या आसपास, अगदी लोण्यासारखा.

करून पाहिलेलं: धूळ काढली, पेस्ट नवीन लावली, खेळताना तापमान ७२ च्या वर जात नाही. ग्राफिक्स अल्ट्रावरून लो केले, शहरात ३५ चे ३६ झाले. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणारी सोय) लावलं, तेच. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ५५ टक्क्यांच्या वर दिसत नाही, म्हणजे तो निवांतच आहे ना?

दुकानदार म्हणतो प्रोसेसर म्हातारा झाला, बोर्ड-रॅम-प्रोसेसर तिन्ही बदला. पंचेचाळीस हजारांचा कागद हातात दिला. घरी तो कागद फ्रिजवर लावलाय, मी नाही, बायकोने. येताजाता वाचून हसते.

प्रश्न एवढाच: आत्ता बदलू की अजून वर्षभर ढकलू?

जाता जाता: आमच्याकडे लाइट फार जाते. हल्ली लाइट जाऊन आली की पीसीचं घड्याळ भलतीच तारीख दाखवतं आणि ते लावेपर्यंत ब्राउझर एक पान उघडत नाही. याचा इथे संबंध नाही, पण कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

फ्रेममोजणीस:

दुकानदार चुकीचं सांगत नाहीये भाऊ. तुमच्या बोर्डावरचा एएम४, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, आता संपलेला सॉकेट. २०२२ पासून एएम५ आहे आणि एएमडीने तो २०२७ पर्यंत तरी चालवायचा शब्द दिलाय. आज त्यावर गेलात तर पुढचा प्रोसेसर नुसता बसवायचा. जुन्या घराला रंग काढण्यात पैसे घालू नका.

सोल्डरची_वाफ:

उकाडा, पंचेचाळीस हजार खिशातच ठेवा, आणि नुसत्या प्रोसेसरचे आठ-नऊ हजारसुद्धा आज काढू नका. आधी मोजा.

पहिलं, त्या ५५ टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. २६०० ला ६ कोअर, १२ थ्रेड. टास्क मॅनेजर बाराही थ्रेडची सरासरी दाखवतो. एक थ्रेड म्हणजे शंभरातले जेमतेम ८ टक्के. गेमचा मुख्य थ्रेड घाम गाळत बसला आणि बाकीचे चहा पीत असले तरी सरासरी ५५ च दिसणार. लग्नात पंगतीला वाढपी बारा असून काय उपयोग, भाताचं पातेलं एकाच्याच हातात असेल तर?

म्हणून प्रोसेसरकडे नका बघू, ग्राफिक्स कार्डाकडे बघा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका. पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, एफपीएस आणि फ्रेमटाइमची (एकेका चित्राला लागलेल्या वेळेची) रेघ दिसू द्या. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि एफपीएसची मर्यादा दोन्ही बंद, नाहीतर मोजमाप खोटं येतं. कार्ड ९५-९९ टक्के असेल तर तेच दमलंय, प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही. शहरात ते ५०-६० वर रेंगाळत असेल तर त्याला कामच वेळेत मिळत नाहीये. खात्री करायला त्याच जागी उभं राहून रिझोल्यूशन ७२०पी करा. एफपीएस तिथेच राहिले तर गुन्हेगार कार्ड नाही. अर्धी परीक्षा तुम्ही नकळत दिलीच आहे: लो करून ३५ चे ३६.

दुसरं, ज्याला तुम्ही ‘संबंध नाही’ म्हणालात ते. घड्याळ पुसलं जातंय म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेलाय. घड्याळाबरोबर बायोसमधलं (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधलं) बाकीचंही मूळ पदावर जातं, एक्सएमपीसकट, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगाने पळवणाऱ्या सेटिंगसकट. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर जाऊन वेग वाचा आणि इथे लिहा. माझा अंदाज मी आत्ता सांगत नाही.

उकाडा_जळगाव:

२१३३.

ताई, हा आकडा किती दिवसांपासून आहे देव जाणे. सेल पन्नास रुपयांत आणला, एक्सएमपी चालू केलं, आता ३००० दाखवतंय.

मोजमाप (शहरातल्या त्याच चौकात, त्याच पायरीवर उभं राहून):
आधी ३४, आता ३९. कार्ड ५२ टक्के. ७२०पी केल्यावर ४०.
काउंटर-स्ट्राइक १३० वरून १५० कडे, झटके कमी झाले पण गेले नाहीत.
रेड डेडमध्ये कार्ड ९८ टक्के, एफपीएस जिथे होते तिथेच.

फ्रेममोजणीस:

म्हणजे पन्नास रुपयांत १५ टक्के. मानलं ताईंना. पण ३९ म्हणजे ३९ च की. प्रोसेसर कमी पडतोय हे आता सिद्ध झालं. माझं म्हणणं कायम, एएम५.

सोल्डरची_वाफ:

सिद्ध झालं, बरोबर. पण एका गेमच्या एका अंकात आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये. रेड डेडमध्ये कार्डच पुरं पडत नाहीये. उकाडा, तुम्ही पुढचे सहा महिने काय खेळणार आहात यावर उत्तर आहे. नुसतं रेड डेड असतं तर थांबा म्हटलं असतं, प्रोसेसर आठ काय दहा वर्षांचा असला तरी.

तुमचा बी४५० बोर्ड मात्र लाखमोलाचा. नवा बायोस टाकला की त्यावर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. कोअर तेही सहाच, मग फरक कसला? २६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन वाड्यांत राहतात, दोघांचं ८-८ एमबीचं कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) वेगळं. या वाड्यातल्याला त्या वाड्यातलं काही हवं असलं की रस्ता ओलांडायचा. ५६०० मध्ये सहाही एका छताखाली, ३२ एमबी सगळ्यांचं मिळून. शहरातल्या शेकडो माणसांचा हिशेब ठेवताना नेमकं हेच लागतं. शिवाय प्रत्येक कोअर मुळातच जोरकस.

एएम५ ला डीडीआर५ लागते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते फ्रेममोजणीस यांनीच सांगावं.

फ्रेममोजणीस:

सांगण्यासारखे नाहीत. ठीक आहे, रॅमच्या मुद्द्यावर माघार. पण मग ५७००एक्स३डी का नको? ९६ एमबी कॅश!

तापकीरगल्ली_पायी:

तो नवीन शोधून तर दाखवा. आमच्याकडे पुण्यात मध्यंतरी एकाकडे सेकंडहँड होता, बिल नाही, वॉरंटी नाही, आणि भाव नव्याहून जास्त. शिवाय ३०६० ला १०८०पी वर तेवढा घोडा जुंपायची गरज नाही. ५६०० घ्या, खोक्यात कूलर येतो, ६५ वॅटचा आहे, तुमचा पॉवर सप्लाय तोच चालेल. सेकंडहँड घ्यायचाच असेल तर पिन मोजूनच पैसे द्या. एएम४ ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एक वाकली तरी बसत नाही.

उकाडा_जळगाव:

नवीन ५६०० मागवला, नऊ हजार दोनशे. फ्रिजवरचा कागद उतरवला.

बायोसचं आणि काढण्या-बसवण्याचं नीट सांगा कुणीतरी. २०१८ नंतर कूलर उघडलाय तो फक्त पेस्टसाठी, तेव्हाही हात थरथरत होते.

सोल्डरची_वाफ:

बायोस आधी, जुना प्रोसेसर आत असतानाच. बोर्डाच्या साइटवर सपोर्टच्या यादीत ५६०० समोर कोणतं व्हर्जन लिहिलंय ते बघा, त्याच्या पुढचं कुठलंही चालेल. पेन ड्राइव्ह फॅट३२. जळगावात आहात म्हणून मुद्दाम सांगते, इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर लावूनच करा. अर्ध्यात लाइट गेली तर बोर्डाचा पाट होईल.

मग दहा मिनिटं गेम चालवा. हो, खरंच. पेस्ट गरम आणि मऊ झाली पाहिजे. बंद करा, वायर काढा, चार स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे सैल करा. मागची धातूची पट्टी हाताने धरा, सुटून पडते. कूलर सरळ वर ओढायचा नाही. बरणीचं झाकण फिरवावं तसा डावीकडे-उजवीकडे हळूच फिरवा, सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला. गार पेस्टवर ओढलात तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, खटका बंद असतानाच. माझा आला होता, सात पिना वाकल्या. मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या नळीने एकेक सरळ करत दुपार घालवली.

उकाडा_जळगाव:

रात्रीचे पावणेबारा. प्रोसेसर बसला, पिना शाबूत, पंखा फिरतोय. पण विंडोजच्या आधीच काळ्या पडद्यावर सूचना आलीये: नवीन प्रोसेसर आढळला, एफटीपीएम बदललं, वाय दाबून रीसेट करा, एन दाबून जुनं ठेवा, आणि डिस्क एन्क्रिप्ट असेल तर किल्लीशिवाय चालू होणार नाही. कुणी जागं आहे का? फोनवरून लिहितोय. काहीही दाबलेलं नाही.

तापकीरगल्ली_पायी:

जागा आहे. घाबरू नका, हे सगळ्यांना येतं. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी, प्रोसेसरबरोबर तीही बदलली. विंडोज ११ नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरला होतात का? असाल तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. फोनवरच त्या खात्यात जा, बिटलॉकरची (विंडोजच्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी किल्ली बघा. ४८ आकडी असते. कागदावर उतरवा, मग वाय. किल्ली सापडेना तर एन दाबा आणि उद्या जुना प्रोसेसर परत लावून आधी एन्क्रिप्शन काढा.

उकाडा_जळगाव:

सापडली. बायकोला उठवून वाचायला लावली, मी लिहून घेतली. वाय दाबला. किल्ली मागितली, दिली, विंडोज आलं. पिन नव्याने ठेवायला लावला, बाकी सगळं जागेवर.

त्याच चौकात, त्याच पायरीवर: ५५. कार्ड आता ८० च्या पुढे. वळल्यावर थिजणं गेलं. काउंटर-स्ट्राइक उद्या बघतो. सगळ्यांचे मनापासून आभार, ताई खास तुमचे.

सोल्डरची_वाफ:

छान. ५५ थोडे कमी वाटतात मला. बायोस नवीन टाकल्यावर एक्सएमपी परत चालू केलंत ना?

उकाडा_जळगाव:

थांबा, बघतो.

२१३३.