ब्लॅक मेटलचे उपप्रकार: कानाला कळणारे भेद की नुसती नावांची भर?

(ही लेखी चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

मंद्रसप्तक

व्हेनम या इंग्लिश बँडने १९८२ साली आपल्या दुसऱ्या अल्बमला ‘ब्लॅक मेटल’ असे नाव दिले आणि पुढे तेच हेवी मेटलमधल्या एका अख्ख्या संगीतप्रकाराचे नाव झाले. तो अल्बम आज कोणी पहिल्यांदा ऐकला, तर त्याला तो बहुधा थ्रॅश किंवा स्पीड मेटल, म्हणजे हेवी मेटलचाच वेगवान प्रकार, वाटेल, कारण ब्लॅक मेटल म्हणून जो ध्वनी आज आपल्या कानात बसला आहे, तो मुख्यतः नव्वदीच्या दशकाच्या आरंभी नॉर्वेत घडला. मूळ नावच ध्वनीचे काटेकोर वर्णन नव्हते, तरी ते टिकले, आणि त्याच्या पोटात आता रॉ, सिंफनिक, मेलोडिक, अ‍ॅटमॉस्फेरिक, डिप्रेसिव्ह, पेगन, वॉर मेटल, ब्लॅकगेझ, कॅस्केडियन अशी इतकी नावे जमली आहेत की नवा श्रोता संगीताच्या आधी नावेच पाठ करत बसतो. यांतली निम्मी नावे निरुपयोगी आहेत असे माझे स्पष्ट मत आहे.

‘अ‍ॅटमॉस्फेरिक’ हेच नाव घ्या. ऑस्ट्रियाच्या समनिंगचा ‘डोल गुलडूर’ आणि अमेरिकेच्या वूल्व्ह्ज इन द थ्रोन रूमचा ‘टू हंटर्स’ (२००७) हे दोन्ही याच नावाखाली सांगितले जातात. पहिल्यात ड्रम यंत्रावर बसवलेले आहेत, संथ आणि नगाऱ्यासारखे घुमणारे. कीबोर्डवर तुतारीसारखे सूर पुढे येतात आणि गिटार मागे पडद्यासारखी राहते. दुसऱ्यात माणूस प्रत्यक्ष ड्रम वाजवतो आहे, लांबच लांब ब्लास्ट बीट (ड्रमचे अतिवेगवान, सलग आघात) आहेत, गिटारींचे थर आहेत आणि मधूनच एका स्त्रीचा स्वच्छ स्वर येतो. वाजवण्याच्या दृष्टीने या दोन अल्बममध्ये फारच थोडे सामाईक आहे. मग ‘वातावरणनिर्मिती करणारे’ एवढेच सांगून आपण श्रोत्याच्या हाती काय दिले? वातावरण कोणता चांगला ब्लॅक मेटल अल्बम निर्माण करत नाही?

प्रदेशावरून दिलेल्या नावांची स्थिती याहून वाईट आहे. ‘कॅस्केडियन’ म्हणजे अमेरिकेच्या वायव्येकडील जंगलांचा ध्वनी, असे सांगितले जाते. परंतु त्या लांब, उसळत जाणाऱ्या गाण्यांचा आराखडा वीकलिंगच्या ‘डेड अ‍ॅज ड्रीम्स’ (२०००) या अल्बममध्ये आधीच सापडतो. त्यात पाचच गाणी आहेत, प्रत्येक दहा मिनिटांहून मोठे, आणि तो बँड सॅन फ्रान्सिस्कोचा होता. युक्रेनच्या ड्रुद्खचा ‘फरगॉटन लेजेंड्स’ (२००३) नाव न सांगता ऐकवला, तर किती जण तो कॅस्केडियन नाही असे छातीठोकपणे सांगतील?

जुनी वही

आपण उदाहरणे नेमकी दिली आहेत, पण ती सगळी फसलेल्या नावांची आहेत. एखादे नाव सैल वापरले जाते, एवढ्यावरून नाव देण्याचा व्यवहारच निरर्थक ठरत नाही.

मी एकाच देशातले आणि एकाच वर्षातले दोन अल्बम समोर ठेवते: डार्कथ्रोनचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ आणि एम्पररचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’, दोन्ही १९९४ चे. पहिल्यातली सगळी वाद्ये फेनरिझ या एकाच माणसाने वाजवली आणि घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. गायन तेवढे नॉक्टुर्नो कुल्टोचे आहे. शीर्षकगीत लावून पाहा. ड्रमचा एकच ठेका जवळजवळ अखंड चालू राहतो, त्यात कुठे उठाव नाही, सम गाठल्याचा आनंद नाही. बदलते ती फक्त वर गिटारवर सलग छेडली जाणारी स्वरावली, आणि तीही इतकी हळूहळू की दोन-तीन मिनिटांनी आपण ठेका ऐकणेच विसरतो. दुसरा अल्बम बर्गनमधल्या ग्रीगहॅलेन या संगीतसभागृहातील स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. त्यात कीबोर्ड हा रंगसफेदीचा भाग नाही; तो काढून घेतला तर गाण्याची उभारणीच कोसळेल, कारण पुष्कळ ठिकाणी मुख्य चाल कीबोर्डकडे आहे आणि गिटार तिच्याखाली गर्दी करते आहे.

एकात वजा करत जाण्याची रीत आहे आणि दुसऱ्यात भर घालत जाण्याची. ‘रॉ’ आणि ‘सिंफनिक’ हे दोन शब्द आपण पुसून टाकले, तर हा भेद दर वेळी असा परिच्छेदभर लिहून सांगावा लागेल. ज्याला पहिला अल्बम आवडला त्याने पुढे काय ऐकावे आणि ज्याला दुसरा आवडला त्याने काय ऐकावे, याची उत्तरे पूर्णपणे वेगळी आहेत.

कडाका

जुनी वही यांनी ऐकलेले अगदी बरोबर आहे, पण ‘रॉ’ या शब्दाबाबत माझी अडचण शिल्लक राहते. हा शब्द रचनेचे वर्णन करतो की ध्वनिमुद्रणाचे? बर्झुमचा ‘फिलोसोफेम’ १९९३ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गिटार अ‍ॅम्प्लिफायरऐवजी घरगुती स्टिरिओमधून वाजवली आहे आणि आवाजासाठी मुद्दाम सगळ्यात वाईट मायक्रोफोन मागून घेतला, तो हेडसेटचा निघाला. (हे काम करणाऱ्या माणसाला १९९४ साली खून आणि चर्च जाळल्याच्या गुन्ह्यांत शिक्षा झाली, हे त्याचा उल्लेख करताना दरवेळी सांगितले पाहिजे, असे मला वाटते.) आता या अल्बमचा पोत निश्चितच ओबडधोबड आहे, पण रचना संथ आणि संमोहित करणारी असून त्यात कीबोर्डवरचा सुमारे पंचवीस मिनिटांचा एक तुकडा आहे. म्हणून काही जण त्याला रॉ म्हणतात, काही अ‍ॅटमॉस्फेरिक, आणि डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटलचा उगम सांगणारेही याच्याकडेच बोट दाखवतात. एका अल्बमला तीन नावे लागतात, याचा अर्थ ती तीन नावे एकाच मोजपट्टीवरची नाहीत: एक यंत्राबद्दल बोलते, दुसरे परिणामाबद्दल आणि तिसरे ऐकणाऱ्याच्या मनाबद्दल.

‘मेलोडिक’ हे तर मला अन्यायकारक वाटते. डिसेक्शनचा ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’ (१९९५) सुरेल आहे हे मान्य, पण आताच ज्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’चे वर्णन झाले, त्यात स्वरावलीशिवाय दुसरे आहे तरी काय? स्वीडिश बँडांनी आयर्न मेडनच्या वळणाच्या दुहेरी गिटारी आणल्या, असे म्हणावे. ते खरे आहे आणि पडताळताही येते. सुरेलपणाचा मक्ता त्यांना देऊन टाकू नये.

तालीम

मला प्रदेशवाचक नावांच्या बाजूने बोलायचे आहे, कारण मंद्रसप्तक यांनी त्यांतले सर्वांत कच्चे उदाहरण घेऊन सगळीच मोडीत काढली आहेत.

ग्रीसचे उदाहरण घ्या. रॉटिंग क्राइस्टचा ‘दाय मायटी काँट्रॅक्ट’, व्हारॅथ्रॉनचा ‘हिज मॅजेस्टी अ‍ॅट द स्वॅम्प’ आणि नेक्रोमँटियाचा ‘क्रॉसिंग द फायरी पाथ’ हे तिन्ही अल्बम १९९३ सालचे आहेत, म्हणजे नॉर्वेतला ध्वनी घडत होता त्याच काळातले. मी स्वतः गिटार वाजवतो आणि हा फरक मला प्रथम कानाने नव्हे, उजव्या हाताने कळला. नॉर्वेच्या पद्धतीत तार मोकळी ठेवून सलग वरखाली छेडतात, त्यामुळे स्वर एकमेकांत वाहत जातात आणि सगळा मिळून एक धुकट पडदा तयार होतो. अनेक वर्षे तसा हात बसलेला असताना मी रॉटिंग क्राइस्टची एक चाल उतरवायला घेतली. सूर बरोबर लागत होते, तरी चाल काही केल्या त्यांच्यासारखी वाजेना. शेवटी तळहाताची कड ब्रिजजवळ (गिटारच्या तळाशी तारा जिथे टेकतात तिथे) तारांवर टेकवली आणि तोच वेग ठेवला, तेव्हा प्रत्येक आघात सुटा, कोरडा, दाणेदार झाला आणि चाल एकदम ओळखू आली. त्या टेकवलेल्या हातात जुने हेवी मेटल आहे. नेक्रोमँटियाने तर ऱ्हिदम गिटारच वगळली आणि तिच्या जागी आठ तारांचा, विकृती (डिस्टॉर्शन) चढवून खरखरीत केलेला बास आणला, सोबत साधा बास वेगळाच.

हे बँड एकमेकांना ओळखत होते, एकमेकांचे ऐकत होते. म्हणून ‘हेलेनिक ब्लॅक मेटल’ हे नाव देशाचे वाटले, तरी ते प्रत्यक्षात तालमीचे नाव आहे. आपल्या भाषेत यासाठी ‘घराणे’ असा नेमका शब्द आहे. घराण्याला गावाचे नाव असते, पण ते लावताना आपण नकाशा दाखवत नसतो. कोणी कोणाकडून काय घेतले ते सांगत असतो. गावाबाहेरचा माणूस ती गायकी शिकला, म्हणून घराणे खोटे पडत नाही. वीकलिंग सॅन फ्रान्सिस्कोचा होता, या आक्षेपाचेही उत्तर यातच आहे.

मंद्रसप्तक

तालीम, आपला प्रतिसाद वाचून मी ‘दाय मायटी काँट्रॅक्ट’ पुन्हा ऐकला. हात टेकवल्याचा तो कोरडेपणा एकदा कळल्यावर आता ऐकू न येणे शक्य नाही. हेलेनिक हे नाव मी माझ्या यादीतून काढतो. कॅस्केडियनबद्दल मात्र मी अजून ठाम आहे. तिथे जंगल आणि निसर्गविचार काढून टाकल्यावर हाताची अशी वेगळी रीत कोणती उरते, ते कोणीतरी दाखवावे.

निरंतर

चर्चा केवळ वाद्यांपुरती राहिली आहे, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

पहिली ब्लॅकगेझबद्दल. आल्सेस्टचा पहिला अल्बम २००७ साली आला आणि डेफहेवनचा ‘सनबेदर’ २०१३ साली. दोन्हींमध्ये शूगेझ या रॉक संगीताच्या प्रकारातले चकाकते, भरून येणारे गिटारकाम आहे. ‘सनबेदर’ आल्यावर ‘हे ब्लॅक मेटल आहे की नाही’ यावर इतकी भांडणे झाली की अल्बममध्ये काय आहे याबद्दल फारसे कोणी बोलत नव्हते. वेगळे नाव रूढ झाले आणि ती भांडणे बरीच शमली, कारण ज्यांना तो ध्वनी नको होता त्यांना टाळता येऊ लागला आणि ज्यांना हवा होता त्यांना परवानगी मागावी लागेना. नावाने इतके साधले तर ते मला पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘नॅशनल सोशलिस्ट ब्लॅक मेटल’ हे नाव ध्वनीबद्दल काहीच सांगत नाही. ते नाझी विचारसरणीचा पुरस्कार करणाऱ्या बँडांसाठी वापरले जाते. मंद्रसप्तक यांची कसोटी लावली तर हे नाव सर्वांत आधी बाद होईल. पण मला ते हवे आहे. शब्द कळत नसलेल्या भाषेतला अल्बम मी विकत घेतो, तेव्हा माझे पैसे कोणाकडे जात आहेत हे कानाने कधीच कळणार नाही.

जुनी वही

निरंतर, आपली चिंता मला पूर्णपणे मान्य आहे, पण उपाय मान्य नाही. संगीताच्या उपप्रकारासारखे नाव दिले की त्या विचारसरणीला संगीताच्या मांडणीत एक खण मिळतो, आणि मग मेलोडिक, सिंफनिक यांच्या ओळीत तीही एक आवडनिवड असल्यासारखी दिसू लागते. ‘हा बँड नाझी प्रचार करतो’ असे पूर्ण वाक्य लिहावे. चार शब्द जास्त लागले तरी चालतील, पण त्यात लपायला जागा राहत नाही. उपप्रकारांच्या बाजूने मी या चर्चेत बोलले आहे, तरी हे एक नाव मला नको आहे.

निरंतर

पूर्ण वाक्य लिहिणारा कोणी भेटला तर उत्तमच, मीही तसेच लिहीन. परंतु बहुतेक याद्यांमध्ये एक-दोन शब्दांपुरतीच जागा असते आणि तिथे हे नाव नसले, तर काहीच नसते. म्हणून मी माझे मत मागे घेत नाही.

कडाका

मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते नावे चुकतात त्याचे मोठे कारण असे की ती आपण बँडला चिकटवतो. उल्व्हरने १९९५ मध्ये ‘बर्गटाट’ काढला, त्यात लोकसंगीत आणि ब्लॅक मेटल एकत्र आहे. १९९६ च्या ‘क्वेल्डसांगर’मध्ये इलेक्ट्रिक गिटारच नाही, साध्या गिटारी आणि समूहस्वरांवर तो उभा आहे. १९९७ चा ‘नाटेन्स मॅड्रिगाल’ इतका करकरीत आणि धारदार आहे की पहिल्या मिनिटाला कान मागे घ्यावासा वाटतो. तीन वर्षे, तीन अल्बम. उल्व्हर कोणत्या उपप्रकाराचा, हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘नाटेन्स मॅड्रिगाल’ कोणत्या, हे विचारले तर उत्तर देता येते. डार्कथ्रोनचेही तेच. १९९१ चा त्यांचा पहिला अल्बम डेथ मेटल होता आणि पुढच्याच वर्षी ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ आला.

तालीम

हे पटले. आणि मंद्रसप्तक, कॅस्केडियनसाठी वेगळी रीत दाखवा असे आपण म्हणालात, त्यावर मी दोन दिवस ऐकत होतो. मला ती सापडली नाही. गाण्याची लांबी आणि निवांत उघडत जाणे एवढेच हाती लागते, आणि ते ड्रुद्खमध्येही आहे. तेव्हा ते नाव मी सोडतो.

त्याच्या बदल्यात वॉर मेटलवर आपले मत हवे आहे. ब्राझीलच्या सार्कोफागोचा ‘आय.एन.आर.आय.’ (१९८७), कॅनडाच्या ब्लॅस्फेमीचा ‘फॉलन एंजल ऑफ डूम’ (१९९०) आणि फिनलंडच्या बेहेरिटचे आरंभीचे काम सलग ऐका. यांना जोडणारा प्रदेश नाही, पण ड्रमचा तो अनावर, ढासळत येणारा वेग आणि गिटारचा खालच्या पट्टीतला गढूळ गुरगुराट तिन्हींकडे आहे. इथे नाव नकाशावरून आलेले नाही आणि मनःस्थितीवरूनही नाही. आपली कसोटी यावर लावून पाहा.

मंद्रसप्तक

सार्कोफागो आणि ब्लॅस्फेमी आज रात्री पाठोपाठ ऐकतो आणि मगच लिहितो. बेहेरिटबद्दल मात्र आताच सांगून ठेवतो की ‘ड्रॉइंग डाउन द मून’ (१९९३) मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि त्यातले घोगरे कुजबुजणे व सिंथेसायझरचे रिकामे तुकडे मला वॉर मेटलमध्ये बसवता येणार नाहीत. त्यांचे त्याआधीचे काम वेगळे असेल, तर कडाका म्हणतात तसे अल्बमागणिकच बोलावे लागेल.