काळ्या रानातल्या पांदणीसाठी बोलेरोला कोणते टायर घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या मृगाच्या आत मला माझ्या बोलेरोचे टायर बदलायचे आहेत. गेल्या पंधरा दिवसांत चार ठिकाणी चौकशी केली आणि चार वेगळी उत्तरे मिळाली, म्हणून हा धागा काढत आहे. गाडी २०१९ ची, डिझेलची आणि मागच्या चाकांवर चालणारी आहे. मूळ टायरचे माप २१५/७५ आर १५. सेलूतील घरापासून शेत अकरा किलोमीटर आहे. त्यातले साडेआठ किलोमीटर डांबरी आणि उरलेली अडीच किलोमीटर पांदण. पांदणीवर मुरूम पडला आहे तो पहिल्या अर्ध्या किलोमीटरपर्यंतच. पुढे दोन्ही बाजूंना काळे रान आणि रस्ताही त्याच मातीचा. याशिवाय आठवड्यातून दोनदा परभणीच्या मोंढ्यात आणि अधूनमधून छत्रपती संभाजीनगरला जाणे असते. म्हणजे गाडी जेवढी धावते त्यात चिखलाचा भाग फार थोडा आहे, पण अडते ती तिथेच.

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे जो पाऊस झाला, त्याविषयी इथे वेगळे सांगायला नको. पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले की काय, हे पाहण्यासाठी मी गाडी घेऊन निघालो. मुरूम संपल्यावर शंभरएक पावलांवरच गाडीचा मागचा भाग आडवा जाऊ लागला. मी स्टिअरिंग सरळ धरून होतो, ॲक्सिलरेटरही जपून देत होतो; तरी डावे मागचे चाक रस्त्याकडेच्या चरात उतरले आणि जागच्या जागी फिरत राहिले. उजवे मागचे चाक त्या मानाने बऱ्या जमिनीवर होते, पण ते हलेना. पुढे कळले की साध्या डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या भागाची, रीतच अशी आहे. ज्या चाकाला पकड नाही ते मोकळे फिरते, आणि दुसऱ्याला जोर मिळतो तोही त्या मोकळ्या चाकाला लागतो तेवढाच. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली.

घरी आल्यावर खुरपे घेऊन चाकाजवळ बसलो. टायरवर चार बोटे जाड मातीचा थर बसला होता. नक्षीची एकही खाच दिसत नव्हती. सगळा टायर कुंभाराच्या चाकावरच्या मडक्यासारखा गुळगुळीत झाला होता. मडगार्डच्या आतही माती ठासून भरली होती आणि तिच्यावर टायर घासल्याच्या रेघा उमटल्या होत्या. बाजूची भिंत खरवडताना तिच्यावर ‘एम प्लस एस’ अशी अक्षरे दिसली. तीन वर्षांपूर्वी हेच टायर घेताना दुकानदाराने मला ती अक्षरे बोट ठेवून दाखवली होती आणि ‘हे चिखलाचे टायर आहेत’ असे सांगितले होते. त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ असाच होतो, हे खरे आहे. मात्र ती खूण बनवणारी कंपनी नक्षीची ठेवण पाहून स्वतःच देते; त्यासाठी चिखलातली कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. एवढे मला तेव्हा ठाऊक असते, तर पैसे देताना निदान एक प्रश्न तरी विचारला असता.

माझा पुतण्या जर्मनीत म्युनिकजवळ राहतो आणि त्याचीही गाडी मागच्या चाकांवर चालते. त्याने फोनवर सांगितले, ‘काका, सरळ विंटर टायर घ्या, चारही घ्या.’ तिकडे रस्त्यावर बर्फ असताना असे टायर लावणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती ‘एम प्लस एस’ ही अक्षरेही त्यासाठी चालत नाहीत. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण टायरवर असावी लागते. ती खूण मात्र बर्फावर प्रत्यक्ष चाचणी घेऊनच मिळते. त्याचा सल्ला आपुलकीचा असला तरी मला तो पटला नाही. विंटर टायरचे रबर सुमारे सात अंशांच्या खालीही मऊ राहावे अशा बेताने बनवलेले असते आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. परभणीत थंडीतल्या एखाद्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो खरा, पण अकरा वाजता अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि मे महिन्यात डांबर पायाला चिकटते. असल्या उन्हात ते मऊ रबर भराभर झिजेल, आणि त्या बारीक चिरा आपल्या चिकट मातीने पहिल्याच फेऱ्यात लिंपून जातील.

पुतण्याच्या सल्ल्यातले ‘चारही’ हे मात्र डोक्यात राहिले आहे. येथील दुकानदार म्हणतात की जोर मागच्या चाकांवर असल्याने मागे दोन बटन टायर (मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे) टाकले की काम भागते, पुढचे जुनेच राहू द्या. मागच्या टायरची नक्षी आता जेमतेम तीन मिलिमीटर उरली आहे, पुढच्यांची चार. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असल्याने कागदोपत्री चारही चालू शकतील, पण पांदणीला कायदा कळत नाही.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे. रोजच्या डांबरी रस्त्याचा विचार करता ए/टी (ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांचे) टायर घ्यावेत, की चिखलाचेच असलेले एम/टी (मड-टेरेन)? दोनच बदलले तर धोका नेमका कोणता? एका ठिकाणी मला २३५/७५ आर १५ हे मोठे माप सुचवले आहे, त्याने गाडी उंच होऊन फायदा होईल का? आणि बसवून घेताना स्वतः समोर उभे राहून काय पाहावे? रिमोल्डचा (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेल्याचा) पर्याय कृपया सुचवू नये, त्याचा अनुभव एकदा घेऊन झाला आहे.

प्रतिसाद (लातूर)

गुरुजी, नमस्कार. आपले लिहिणे शाळामास्तरांच्या वळणाचे वाटले म्हणून गुरुजी म्हणतो, चूक असल्यास क्षमस्व. माझे टायरचे दुकान आहे, त्यामुळे आपल्या शंका माझ्याकडे रोज येतात.

काळ्या मातीचा दोष असा की ती भिजल्यावर फुगते आणि चिकटते. वाळूत किंवा मुरमाच्या पातळ चिखलात टायर थर कापून खालच्या टणक जमिनीला लागतो. काळ्या रानात खाली टणक असे काही हाती लागतच नाही. म्हणून तिथे नक्षीची खोली जेवढी महत्त्वाची, तेवढीच दोन ठोकळ्यांमधली जागा मोठी असणे महत्त्वाचे, कारण चाक फिरताना माती बाहेर फेकली गेली तरच पुढच्या फेऱ्याला टायर पुन्हा धरतो. या कामात एम/टी निःसंशय पुढे आहे. पण आपण आठवड्यातून दोनदा परभणीला जाता. एम/टी डांबरावर घोंघावतो, लवकर झिजतो, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाते. दोन किलोमीटरच्या चिखलासाठी वर्षभर तो धोका पत्करू नये असे माझे मत आहे. ए/टी घ्या, त्यातही दुकानात नक्षी हाताने पाहून, कडेच्या ठोकळ्यांमधून बोट सहज आरपार जाते तोच घ्या. ए/टीच्या नावाखाली रस्त्याचीच नक्षी थोडी रुंद करून विकलेले टायरही बाजारात असतात.

दोनच बदलण्याविषयी सांगायचे तर, मागची चाके गाडी ढकलतात हे खरे, पण वळवण्याचे आणि बव्हंशी थांबवण्याचे काम पुढची चाके करतात. मागे पकड आणि पुढे गुळगुळीत टायर अशी गाडी चिखलात चालते छान, फक्त वळत नाही. स्टिअरिंग फिरवले तरी सरळ जाते. उलट पुढे नवे आणि मागे जुने ठेवले, तर ओल्या वळणावर मागचा भाग पुढे येऊ पाहतो, आणि ते त्याहून वाईट. पैशांची अडचणच असेल तर नवी जोडी मागे टाकावी, पण आपल्या पुढच्यांची नक्षी चार मिलिमीटर म्हणजे यंदाच्या पावसाळ्यातच त्यांची वेळ भरणार आहे. चारही घ्यावेत. आपला पुतण्या टायरच्या जातीत चुकला, पण संख्येत बरोबर आहे.

मोठ्या मापाच्या भानगडीत पडू नका. २१५/७५ आर १५ ची उंची सुमारे ७०३ मिलिमीटर, २३५ ची ७३३. गाडी उचलली जाते ती या फरकाच्या निम्मी, म्हणजे पंधरा मिलिमीटर. त्याबदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असेल, पहिल्या गिअरचा जोर चार टक्क्यांनी कमी होईल, आणि मडगार्डमधली मोकळी जागा घटेल. मडगार्डमध्ये माती ठासली होती असे आपणच लिहिले आहे. त्या जागेची आपल्याला टायरइतकीच गरज आहे.

प्रतिसाद (वसमत)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. हवेचा मुद्दा राहिला तेवढा जोडतो. पांदणीच्या तोंडाशी थांबून चारही चाकांची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर जमिनीवर पसरतो आणि रुतणे कमी होते. त्या हवेवर गाडी सायकलच्या वेगाने चालवावी, आणि डांबरावर चढण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर टायर तापून फुटतो. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर डिकीत ठेवला म्हणजे झाले. एक चाक मोकळे फिरू लागल्यास हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून हळू ॲक्सिलरेटर द्यावा. ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना लागतो, मोकळे चाक आवरले जाते आणि दुसऱ्याला जोर मिळतो. हे दहा-पंधरा सेकंदांपुरतेच करावे. आमच्याकडे काही जण मागे युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या दोन गोण्या टाकून नेतात; मुरमावर चिखलाचा पातळ थर असेल तर त्याचा उपयोग होतो, खोल काळ्या चिखलात मात्र त्याच गोण्यांनी गाडी लवकर बसते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गुरुजी हे संबोधन बरोबर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहे.

मृगाच्या तोंडावर मूळ मापाचेच चार ए/टी टायर बसवून घेतले, त्याचा वृत्तांत देतो. दुकानात चारही टायर आडवे मांडून मी प्रत्येकाच्या भिंतीवरील चार अंकी आकडा वाचला. त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. तिघांवर ०८२६ होते, म्हणजे २०२६ चा आठवा आठवडा, चौथ्यावर ४१२३. दुकानातील मुलगा म्हणाला की नवा तो नवाच, काही फरक पडत नाही. मी खुर्चीवर बसून राहिलो आणि अर्ध्या तासाने गोदामातून चौथा आला. बाजूवर १०० हा भार-अंक आहे, म्हणजे प्रत्येक टायर ८०० किलो पेलेल, हेही पाहून घेतले. व्हॉल्व्ह चारही नवे टाकले, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतली. नट त्यांनी मशीनने एका दमात आवळायला घेतले, तेव्हा थांबवून आधी हाताने समोरासमोरचे नट आलटूनपालटून बसवायला लावले. ऐंशी किलोमीटर झाल्यावर घरी पाना लावला, तर डाव्या मागच्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले.

पहिला मोठा पाऊस झाला त्याच दिवशी मुद्दाम पांदणीवर गेलो. हवा उतरवून मुरमाच्या पुढे साधारण दीड किलोमीटर गाडी कुरकुर न करता गेली. आरशातून पाहिले तर मागे मातीचे गोळे उडत होते, आणि हे दृश्य मला पूर्वी कधी दिसले नव्हते. ओढ्याच्या उताराशी मात्र पाय टाकून पाहिला, चप्पल तिथेच राहिली, म्हणून गाडी वळवून परत आणली. दोन दिवसांनी वापसा आल्यावर त्याच उतारावरून सहज गेली.

आता एकच प्रश्न उरला आहे. स्टेपनीला जुन्यांपैकी बरा टायर ठेवला आहे, चार मिलिमीटरवाला. मागचे चाक पंक्चर झाल्यास तो मागेच लावावा का?

प्रतिसाद (लातूर)

मागे लावू नका. एकाच ॲक्सलवर एक झिजलेला लहान आणि एक नवा मोठा टायर असला की डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतो. मागे पंक्चर झाले तर पुढचे चांगले चाक काढून मागे लावा आणि स्टेपनी पुढे लावा. जॅक दोनदा लावावा लागेल, म्हणून जॅकखाली ठेवायला एक जाड फळी गाडीत असू द्या, नाहीतर काळ्या रानात आधी जॅकच खाली जाईल.