मदत हवी आहे: २०११ ची वॅगन-आर, पुढचा डावा कोपरा गेलाय. दुरुस्त करावी की काढून टाकावी?

मंडळी, गाड्यांतलं कळणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. मजकूर जरा लांबणार आहे, पण आकडे सगळे आत्ताच देतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. गाडी बाबांच्या नावावर, पेट्रोल, ९९८ सीसी. इंजिनाची कधी कुरकुर नाही, एसी चालू होता. कामावर मी स्कूटरनेच जातो. गाडी लागते ती आईला तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यायला आणि गणेशचवथीला सगळं बिऱ्हाड घेऊन सत्तरीत केरीच्या घरी जायला. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान, दोन म्हातारी माणसं, पोरं... हे कदंबातून (सरकारी बसमधून) नेणाऱ्याला माझा दंडवत.

गेल्या आठवड्यात तिस्क-उसगावला आतल्या रस्त्यावरून एक पिकअप सुसाट आली आणि ओल्या रस्त्यावर न थांबता आमच्या डाव्या बाजूला घुसली. माणसं सुखरूप. बंपर, डावा हेडलाइट, फेंडर गेले. बॉनेटचा कोपरा उचलला गेलाय, रेडिएटरचा सपोर्ट वाकलाय, एसीचा कंडेन्सर फुटलाय. डावं दार उघडताना फेंडरला घासतं. पिकअपवाल्याने नंबर दिला, आता फोन उचलत नाही.

अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट ८६,००० रु.: पार्ट ५२,०००, मजुरी १८,०००, पेंट १६,०००. आमचा नेहमीचा गॅरेजवाला जुना बॉनेट-फेंडर मिळवून ४०,००० मध्ये करतो म्हणतो. पॉलिसी फुल आहे (झिरो डेप नाही, म्हणजे पार्टवर घसारा कापतात), आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) १,१०,०००, क्लेम न केल्याचा बोनस (हप्त्यातली सूट) ५० टक्के. जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे त्या स्थितीत ४५,००० द्यायला तयार आहे. नीट करून विकली तर सव्वा लाखाच्या आसपास येतील असं तोच म्हणतो.

माझा कल दुरुस्तीकडेच होता. पण गॅरेजवाल्याने गाडी उचलून दाखवली. डाव्या दाराखालच्या पट्टीला त्याने पेचकस टेकवला, जोर असा लावलाच नाही, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला लाल चिखल आणि गंजाचे पोपडे. तो म्हणाला, "बाब, हो पत्रो न्हय, पापड." वरून पेंट शाबूत होता, म्हणून आजवर कोणाला पत्ता नाही.

भरीस भर, येत्या नोव्हेंबरात नोंदणीला १५ वर्षं पूर्ण होतात. बाबांना व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवलंय की १५ वर्षांनंतर गाडी भंगारात द्यावीच लागते. ते म्हणतात, मग चार महिन्यांसाठी खर्च कशाला?

काय करावं?

प्रतिसाद

आधी तुमच्या बाबांची काळजी मिटवतो. पेट्रोल गाडीला १५ वर्षांची वेगळी मर्यादा आहे ती दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये. गोव्यात खाजगी गाडीची नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवं, आणि आरटीओत गाडी दाखवायची. फी मात्र १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रु. झाली आहे, पूर्वी ६०० होती. म्हणजे प्रश्न चार महिन्यांचा नाही, पाच वर्षं आणि चार महिन्यांचा आहे. अर्थात पट्टीत पेचकस जाणारी गाडी घेऊन इन्स्पेक्टरसमोर उभे राहू नका.

प्रतिसाद

तुम्ही क्लेमचा हिशेबच केलेला दिसत नाही. गाडी दहा वर्षांपुढची, म्हणून धातूच्या पार्टवर घसारा ५० टक्के. प्लास्टिक-रबरवरही ५० टक्केच. म्हणजे ५२,००० पैकी २६,००० तुमचे. पेंटच्या बिलाचा पाव हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मं कापतात, म्हणजे २,०००. मजुरी पूर्ण मिळते. सक्तीचा एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, १,००० (१५०० सीसीपर्यंत तेवढाच). एकूण तुमच्या खिशातून साधारण २९,०००, कंपनीचे ५७,०००. नवे पार्ट घालून हे ४०,००० पेक्षा स्वस्त पडतं! बोनस जाईल, पण या वयाच्या गाडीचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता असा कितीसा असतो? त्यावर रडू नका.

आणखी एक. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडची) धरतात. तुमच्या बाबतीत ती रेषा ८२,५०० वर येते आणि एस्टिमेट आहे ८६,०००. वरवर पाहता टोटल लॉस. पण पॉलिसीत 'अटींच्या अधीन राहून' असे शब्द असतात, त्यामुळे सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा माणूस) घसारा वजा करून ५७,००० हाच आकडा धरू शकतो. तो कुठला धरतोय ते त्याला तोंडावर विचारा. टोटल लॉस झाला तर १,०९,००० हातात येतात आणि गाडी कंपनीची. मला विचाराल तर तेच सर्वांत बरं.

मात्र सर्व्हे होईपर्यंत एक बोल्टही सैल करू देऊ नका, आणि अजून कळवलं नसेल तर आजच कळवा. गंजाचे पैसे कंपनी देणार नाही, ती झीज धरली जाते.

मूळ प्रश्नकर्ता

कळवलं आहे, क्लेम नंबर आला. सर्व्हेअर शनिवारी येतोय. पिकअपवाल्याच्या इन्शुरन्सकडून नाही का मिळणार?

प्रतिसाद

मिळू शकतं, पण त्यासाठी पोलिसांत नोंद हवी आणि मग मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे जायचं. तारखा पडत राहतात. नोंद जरूर करा, पण गाडी त्या भरवशावर उभी ठेवू नका.

प्रतिसाद

डेंटिंगच्या धंद्यात माझी उमर गेली, म्हणून दोन शब्द. बॉनेट, फेंडर, बंपर हे सगळं बोल्टने लागतं, त्याला मी नुकसान म्हणतच नाही. दार घासतंय म्हटल्यावर मी थांबलो. दोन शक्यता. एक तर फेंडरच मागे सरकलाय, तो काढला की दार मोकळं होईल. नाही तर एप्रन (फेंडरच्या आतला पत्रा) आणि त्याखालची चेसिसची रेल मागे आलीय, मग दाराचा खांबही हलला असेल.

हे घरी बघता येतं. सपाट जागेवर स्टिअरिंग सरळ करून गाडी लावा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप धरा, दोन्ही बाजूंनी. या मॉडेलचा व्हीलबेस २४०० मिमी आहे. दोनचार मिमीचा फरक टेपचा असतो. डावीकडे पंधरा-वीस कमी भरलं तर चाक मागे गेलंय. ते नुसतं चाक धरणारा खालचा आर्म वाकल्यानेही होतं, तो बदलता येतो. पण आर्म सरळ असूनही माप कमी, तर रेल गेली. रेल ओढायला फ्रेम मशीन लागतं. झाडाला साखळी बांधून ओढणारे आहेत आपल्याकडे, त्यांच्या हाती देऊ नका.

आणि खालची पट्टी. तिला पाणी निघायला भोकं असतात, ती आपल्या लाल मातीने बुजतात आणि पावसाळाभर आत पाणी साचतं. एका बाजूला झालंय तर दुसऱ्या बाजूलाही पेचकस लावून बघा. सीटखालचं कार्पेट उचला. जॅक लावायची जागा दाबून बघा. पट्टी कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो, पण सीटबेल्टचा बोल्ट किंवा सीटची रेल जिथे बसते तो मजला सडला असेल तर माझ्या गॅरेजात मी ती गाडी घेत नाही. पुट्टी भरून देणारे खूप भेटतील.

मूळ प्रश्नकर्ता

आत्ताच शेजाऱ्याला हाताशी धरून मोजलं. उजवीकडे २४०१, डावीकडे २३९६. आर्म डोळ्यांना तरी सरळ दिसतोय. उजवी पट्टी घट्ट आहे, पेचकस टणकन वाजला. डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं निघालं, खाली तपकिरी डाग आहे, पण दाबलं तर पत्रा दबत नाही. बेल्टचा बोल्ट स्वच्छ.

बाबांना ६० दिवसांचं आणि फॉर्म २५ चं वाचून दाखवलं. आता ते म्हणतात गाडी काढायची नाही! आई म्हणते टोटल लॉस होऊ दे.

शनिवारी सर्व्हेअरला ८६,००० की ५७,००० ते विचारतो. टोटल लॉस नाही झाला तर वर्कशॉपमध्ये क्लेमवर पुढचा भाग, आणि पट्टी बाहेर वेगळी. पट्टीचे गॅरेजवाला १४,००० सांगतोय, दोन्ही धरून ४३,००० होतात. डेंटिंगवाले काका, एका बाजूची पट्टी कापून वेल्ड करायला १४,००० ठीक आहेत का? आणि आतून गंजरोधक मारायचं ते वेल्डिंगनंतर लगेच की पावसाळा सरल्यावर?

प्रतिसाद

१४,००० मध्ये आतला पत्राही धरलाय का ते विचारा. नुसती बाहेरची पट्टी असेल तर जास्त आहेत. गंजरोधक वेल्डिंग झाल्यावर लगेच, पण आधी आत हवा मारून पूर्ण सुकवा, आणि मारताना ती भोकं पुन्हा बुजवू देऊ नका.