मदत हवी आहे: डेन्व्हरचं ज्यू क्षयरोग सॅनिटोरियम

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या डेन्व्हरमधल्या ज्यू धर्मादाय सॅनिटोरियमवर लेख लिहितोय. १८९९ साली सुरू झालेलं नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल मोफत होतं, पण घ्यायचं ते सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण. आजार बळावलेल्यांनी जायचं कुठे? म्हणून १९०४ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या कामकरी ज्यूंनी पैपैसा जमवून ज्यूइश कन्झम्प्टिव्ह्ज (म्हणजे क्षयरोगी) रिलीफ सोसायटी काढली. सुरुवातीला रुग्ण चक्क तंबूत राहत, जेवण कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनुसार केलेलं. डॉ. चार्ल्स स्पिवॅक तिचे सचिव. (मला हीच संस्था जास्त भावते.)

तिची कागदपत्रं डेन्व्हर विद्यापीठात आहेत. तिथे जाऊन कुणी पाहिलीत का? रुग्णांच्या नोंदी बाहेरच्यांना दाखवतात का? आणि यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) वाचणारं कुणी ओळखीत असेल तर प्लीज कळवा.